वालचंदांनी उभं केलं, पण त्यांच्याकडे राहिलं नाही

निराकाठ

माझं लहानपण वालचंदनगरच्या कॉलनीत गेलं. इंदापूर तालुक्यातलं कळंब, नीरेचा कालवा, चहूकडे ऊस आणि पहाटेचा कारखान्याचा भोंगा. बाबा मशीन शॉपमध्ये होते. एका सुट्टीत त्यांनी मला आत नेलं. साखर कारखान्याच्या मिलसाठी एक गिअर तयार होत होता, माझ्या दुप्पट उंचीचं चाक. बाबा त्याला जोडायच्या छोट्या दातेरी चाकाच्या, म्हणजे पिनियनच्या, दातांना बोटाने निळा रंग लावत होते. मग दोघांनी मिळून ती जोडी हळूहळू फिरवली आणि मोठ्या चाकाच्या दातावर निळा ठसा कुठे उमटला ते बघितलं. ठसा दाताच्या एका टोकाला आला होता, म्हणजे जोडणी तिरकी. पुन्हा पुसायचं, बसवण सुधारायची, पुन्हा रंग लावायचा. ठसा दाताच्या लांबीभर नीट उमटेपर्यंत दुपार टळली. जेवणाचा डबा तसाच राहिला.

ज्यांच्या नावाने आमचं गाव आहे ते वालचंद हिराचंद मला तेव्हा फक्त तसबिरीतले माहीत होते. साखरेचे कारखानदार, एवढंच. पुढे वाचत गेलो तशी साखर हा त्यांच्या आयुष्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग होता हे कळलं. दिवाळीत धाकट्या भावाशी वाद झाला. तो म्हणाला, देशातले मोठे उद्योग सरकारने उभे केले, उद्योजक नंतर आले. मला ते पटलं नाही, पण तेव्हा नीट मांडताही आलं नाही. म्हणून हा धागा.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाच्या, आधी रेल्वेत कारकून असलेल्या माणसाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. पुढे पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामं, मग भोर घाटातले बोगदे, तानशाहून मुंबईला पाणी आणणारी मोठी जलवाहिनी. आजची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन ही त्याच कामांतून १९२६ मध्ये उभी राहिली. इथेच थांबले असते तरी चार पिढ्यांची सोय झाली होती.

१९१९ मध्ये दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात त्यांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' नावाची बोट विकायची आहे. मूळची ती कॅनडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. महाराजांनी महायुद्धात ती रुग्णनौका म्हणून दिली होती. अठ्ठावीस वर्षांची जुनी बोट. वालचंदांना जहाजधंद्याचा काडीचा अनुभव नव्हता. तरी त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ ला ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद स्वतः बोटीवर होते. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे तो या प्रवासामुळे.

अशी बोट काढणारे हे पहिले नव्हते. जमशेटजी टाटांनी चीनच्या मार्गावर बोटी घातल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. तुतिकोरिनला व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी बोट कंपनी काढली. समोरच्या ब्रिटिश कंपनीने भाडी पाडली, लोकांना फुकट नेण्यापर्यंत मजल गेली. पिळ्ळै राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली. वालचंदांना हे सगळं माहीत होतं, आणि तरी ते त्याच पाण्यात उतरले. मला हे फार मोठं वाटतं.

पुढे लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दराचं युद्ध पुकारलं. ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचं भाडं खर्चही निघणार नाही इतकं खाली आणलं. सिंदिया टिकली, पण १९२३ मध्ये तिला दहा वर्षांच्या करारावर सही करावी लागली. किनाऱ्यावरचा माल न्यायचा, प्रवासी न्यायचे नाहीत, टनभार ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढवायचा नाही. आपल्याच किनाऱ्यावर आपल्याच माणसांना बसवून न्यायला बंदी! ही सही करताना वालचंदांना काय वाटलं असेल याचा मी बरेचदा विचार करतो. पण सही केली म्हणून कंपनी जगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यावर ते अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले.

यानंतर विमानं, गोदी आणि मोटारी. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात पॅसिफिक ओलांडताना विमानात त्यांना विल्यम पॉली भेटले. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा हा माणूस. त्या ओळखीतून २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झालं, १९४२ मध्ये युद्ध दाराशी आल्यावर सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. त्यांच्याकडे कारखाना राहिला सव्वा वर्ष. आज तीच हिंदुस्तान एअरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल.

गोदीचंही तेच. कलकत्त्याला आणि मुंबईला मनासारखी जागा मिळाली नाही, शेवटी विशाखापट्टणम. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी. पुढच्याच एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. १४ मार्च १९४८ ला 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली, स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली मोठी आगबोट. १९५२ मध्ये सरकारने दोन तृतीयांश हिस्सा घेतला आणि १९६१ मध्ये उरलेलाही. मोटारींचा कारखाना मात्र, कुर्ल्याची प्रीमियर, १९४४ मध्ये निघाला आणि घराण्याकडे राहिला.

तर माझं म्हणणं असं. विमान आणि जहाज हे दोन्ही उद्योग आज सरकारचे म्हणून ओळखले जातात. पण 'हे हिंदुस्थानात होणार नाही' हा नकार पहिल्यांदा अंगावर घ्यायला एक माणूस लागला. त्याने जमीन शोधली, तंत्रज्ञ आणले, पैसा उभा केला, दिल्लीला खेटे घातले. सरकारने चालता कारखाना हातात घेतला. उद्योजकाची भूमिका मला तिथे दिसते. तुम्हाला काय वाटतं?

डोलकाठी

उत्तम धागा. मी तीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे दरयुद्धाबद्दल थोडं जास्त लिहितो. नुसती भाडी पाडून प्रतिस्पर्धी मरत नसे, कारण भाडी पाडणाऱ्यालाही तोटा होतोच. खरं हत्यार वेगळं होतं. मोठ्या कंपन्या आपसात संगनमत करत आणि व्यापाऱ्याला सांगत, पूर्ण भाडं भर, त्यातला काही टक्के भाग आम्ही काही महिन्यांनी परत करू. अट एकच, तेवढ्या काळात तुझं एकही पोतं दुसऱ्याच्या बोटीत चढता कामा नये. चढलं तर आधीची साचलेली सगळी सूट बुडाली. समजा, रंगूनच्या एखाद्या तांदूळवाल्याचे बरेच पैसे असे त्यांच्याकडे अडकलेत. सिंदियाची बोट धक्क्याला उभी आहे, भाडंही कमी आहे, मनात स्वदेशीही आहे. पण माल चढवला की आधीचे पैसे गेले. तो चढवत नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

म्हणून वालचंद आणि त्यांचे सहकारी दोन गोष्टी मागत राहिले. एक, ही मागाहून सूट देण्याची पद्धत बंद करा. दोन, किनाऱ्यावरची वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवा. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात त्यासाठी विधेयक आणलं होतं. इंग्रजांच्या राज्यात ते संमत होणं शक्य नव्हतं. किनारा राखीव झाला तो स्वातंत्र्यानंतर.

आणखी एक. त्या काळी हिंदी माणूस बोटीवर खलाशी असे, भंडारी असे, कोळसा ओढणारा असे. अधिकारी नसे. बोटी आपल्या घेतल्या तरी कप्तान आणि इंजिनिअर परके. १९२७ मध्ये 'डफरिन' ही प्रशिक्षण नौका मुंबईला सुरू झाली आणि हिंदी मुलं अधिकारी व्हायला लागली. पण अधिकारी घडवून उपयोग काय, त्यांना नोकरीला ठेवणारी कंपनी नको का? ती जागा सिंदियाने दिली. मला ज्यांनी शिकवलं त्या चीफ इंजिनिअरना ज्यांनी शिकवलं, ते सिंदियाच्या बोटींवर तयार झालेले. इंजिनाच्या बेअरिंगवर उलटा हात ठेवून ताप ओळखायचा हे मी त्यांच्याकडून आलेलं शिकलो. तळहात नाही ठेवायचा, पाठीमागची बाजू. चटका बसला तरी हात आपोआप मागे येतो.

रानजाई

लेख मनापासून लिहिलाय, पण काही गोष्टी राहून गेल्यात असं मला वाटतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

वालचंदांचं भांडवल आलं कुठून? रेल्वेच्या आणि लष्कराच्या कंत्राटांतून, म्हणजे ज्या सरकारशी ते पुढे भांडले त्याच सरकारच्या तिजोरीतून. साखरेचं म्हणाल तर १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि मगच कारखाने भराभर निघाले. वालचंदनगर आणि रावळगावची साखर याच काळातली. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये म्हैसूर संस्थानाचा पैसा आणि जमीन. ऑर्डर युद्धात उतरलेल्या सरकारची. मग राज्यसत्तेने काहीच केलं नाही असं कसं म्हणायचं?

दुसरं, जमीन. माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं. खासगी साखर कारखान्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या शेती महामंडळाकडे गेल्या आणि खंडकऱ्यांना आपल्याच जमिनीसाठी कित्येक दशकं झगडावं लागलं. माझ्या आजोबांच्या पेटीत खंडाचे कागद होते. दर उन्हाळ्यात ते बाहेर काढून, वाळवी लागली नाही ना बघून, परत कापडात बांधून ठेवायचे. ते गेले तेव्हाही जमीन परत आली नव्हती. राष्ट्राचा उद्योग उभा राहिला तेव्हा कोणाकोणाचं काय काय त्यात गेलं, तेही याच धाग्यात लिहिलं जावं.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, १९५० मध्ये गाळप सुरू झालं. तिथे ऊस पिकवणाराच मालक होता. 'एक माणूस लागला' हे वाक्य मला म्हणून अपुरं वाटतं.

निराकाठ

@रानजाई, तुमच्या आजोबांच्या पेटीबद्दल वाचून गप्प झालो. आमच्या कॉलनीत हा विषय कधी निघत नसे. आम्ही त्या जमिनीच्या मधोमध राहत होतो आणि ती कोणाची होती हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते इथे लिहिलंत हे बरं केलंत.

कंत्राटांबद्दलही मान्य. राज्यसत्तेने काही केलं नाही असं मात्र मला म्हणायचं नव्हतं. जकातीच्या उदाहरणातच माझा मुद्दा आहे. साखरेला संरक्षण मिळालं, कारण तेव्हाची बाहेरची साखर प्रामुख्याने जावाची, डचांच्या वसाहतीतली. तिच्यावर जकात लावून इंग्रजांचं काही बिघडत नव्हतं, उलट महसूल मिळत होता. जहाजांना तसंच संरक्षण मागितलं तेव्हा नकार आला, कारण तिथे समोर इंचकेप होते. मोटारींचं तसंच. विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली, मुंबई प्रांताचं खेर मंत्रिमंडळ अनुकूल होतं, वालचंद क्रायस्लरशी बोलणी करत होते, आणि दिल्लीने साथ दिली नाही. म्हणजे तीच सत्ता, तोच माणूस, तोच काळ. साखरेला हो, जहाजाला आणि मोटारीला नाही. ज्याला फक्त नफा हवा असेल तो हो मिळालेल्या ठिकाणी थांबतो. वालचंद नकार मिळालेल्या ठिकाणी वीस-वीस वर्षं पैसा ओतत राहिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे तो यासाठी.

ओतशाळा

माझी छोटी फाउंड्री आहे, कोल्हापूरच्या बाजूला. मला या चर्चेत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आल्याशिवाय चैन पडणार नाही.

वालचंद आणि लक्ष्मणराव दोघांचे रस्ते अगदी वेगळे. वालचंदांना सरकारच्या दारात जावं लागलं, कारण जहाज-विमान हे विषयच तसे. लक्ष्मणरावांना शेतकऱ्याच्या बांधावर जावं लागलं. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावातून हलावं लागलं तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, निवडुंग आणि साप असलेलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. नांगराचा फाळ शेतकऱ्याला पटला तेव्हा पुढे मोट जाऊन पंप येण्याचा रस्ता मोकळा झाला. डिझेल इंजिनं, पंप, लेथ हे सगळं त्या फाळाच्या मागून आलं.

मला त्यातलं काय भिडतं सांगू? आमच्याकडे रोज संध्याकाळी ओतकाम होतं. सकाळी साचे फोडतो. वाळू झाडताना कास्टिंग चांगलं निघालं की खराब हे हातोडीच्या एका ठोक्याला कळतं. चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं. आत चीर असेल तर बद्द आवाज येतो, आणि तो आवाज आला की कालच्या दिवसाचा कोळसा, वीज, मजुरी सगळं गेलं. आम्हाला आज स्पेक्ट्रोमीटर आहे, तयार वाळू आहे, फोन केला की ग्राफाइट येतं. लक्ष्मणरावांकडे यातलं काहीच नव्हतं. बीड कसं वितळवायचं इथपासून स्वतः शिकायचं होतं. त्यांनी शिकलं आणि शिकवलं, म्हणून आज या पट्ट्यात माझ्यासारखे शेकडो लोक ओतकाम करतात. वाडीत शिकून बाहेर पडलेले मिस्त्री हेच आमचे गुरू.

थोडं आजचं. मी एका मोठ्या कारखान्याला (नाव घेत नाही) सुटे भाग देतो. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, मला पाचव्या महिन्यात मिळाले. त्या काळात माणसांचे पगार मी बायकोचे दागिने ठेवून केले. उद्योजक राष्ट्राचा उद्योग उभा करतो हे खरंच, पण ते काम वरच्या एका नावावर होत नाही. खाली पाचशे छोटी नावं असतात आणि ती टिकली तर वरचं टिकतं. वालचंदांच्या गोदीला लागणारा प्रत्येक नट इंग्लंडहून आणावा लागला असता तर ती गोदी किती दिवस चालली असती?

हेब्बाळकर

बंगळूरला पंचवीस वर्षं आहे, त्यामुळे हिंदुस्तान एअरक्राफ्टबद्दल माझी भर.

सुरुवातीचं काम अमेरिकन विमानांची जुळणी. सुटे भाग बोटीने यायचे. हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान १९४१ मध्ये इथून उडालं, आणि १९४२ च्या जुलैअखेर कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. पण तोवर कारखाना सरकारकडे गेला होता, आणि युद्धाच्या उरलेल्या काळात तिथे मुख्यतः दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती झाली.

निराकाठ म्हणतात की नकार अंगावर घ्यायला माणूस लागला. मी त्यात एक घालतो: त्याने गोळा केलेली माणसं. डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रातल्या नामवंत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. ते १९४० मध्येच हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. मालक बदलले, अमेरिकन गेले, युद्ध संपलं, घाटगे तिथेच राहिले. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या हाताखाली आखलेलं, संपूर्ण भारतीय आराखड्याचं. आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनी पुढे कित्येक वर्षं त्यावर पहिले धडे घेतले. शेअर सरकारने विकत घेतले, पण घाटग्यांच्या डोक्यातलं ज्ञान कारखान्याच्या आवारातच वाढलं.

सरकारने घेतलं ते योग्य झालं की अयोग्य? मला वाटतं १९४२ मध्ये दुसरा मार्ग नव्हता. रंगून पडलं होतं, बंगालच्या उपसागरात जपानी आरमार होतं. विमानाचा कारखाना कोणत्याही देशाने त्या वेळी खासगी हातात ठेवला नसता, निदान त्यावर घट्ट पकड तरी ठेवलीच असती. वालचंदांना त्याचं दुःख झालं असणार. पण सिंदिया हातात होती, गोदी होती, आणि दोनच वर्षांत त्यांनी कुर्ल्याला मोटारीचा कारखाना काढला. साठी ओलांडलेला माणूस हे करतो.

सुरंगी

मी मूळची रत्नागिरीची. बोटींचा विषय निघाला आणि आजीची आठवण आली.

आजी म्हणायची, "आम्ही बोटीनं मुंबैस जायचो." बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून खोल पाण्यात जायचं, मग लाटेचा अंदाज घेऊन खलाशी हात धरून वर ओढून घ्यायचा. आजीने कडेवरच्या बाळाला आधी वर दिलं आणि तेवढ्यात पडाव हलला. मूल बोटीवर, आई पडावात. दोन लाटा जाईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते बाळ म्हणजे माझे मामा.

तिच्या तोंडी 'माझी आगबोट कंपनी' हा शब्द असायचा. मला लहानपणी वाटायचं की आजीची खरंच कंपनी होती. मोठेपणी कळलं, कोकणातल्या लोकांनी मिळून काढलेल्या सहकारी बोट कंपनीला सगळा किनारा 'माझी' म्हणायचा. बोटींची नावं संतांची, 'रामदास', 'तुकाराम'. म्हणजे @रानजाई म्हणतात तसं, सामान्य लोकांनी पैपैशाने उभं केलेलंही होतंच. त्याआधी तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखानाही असाच, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून.

पण १७ जुलै १९४७ ला 'रामदास' रेवसजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली, स्वातंत्र्याला एक महिना उरला असताना. आमच्या वाडीतली तीन घरं त्यात बसली. आजी त्यानंतर 'माझी' हा शब्द म्हणताना थांबायची. उद्योग देशाचा आहे एवढ्याने तो चांगला होत नाही, तो जीव सांभाळणाराही हवा, असं तिचं सरळ म्हणणं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

डोलकाठी

@सुरंगी, 'रामदास'ची आठवण काढलीत. आम्हाला सुरक्षेच्या वर्गात ती पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. मास्तरांनी तारीख फळ्यावर लिहिली आणि तासभर पुसली नाही.

सांगलीचा पोरगा

मी वालचंद कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं कॉलेज धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये काढलं, वालचंदांचं नाव पुढे मिळालं. चार वर्षं त्या फाटकातून आत-बाहेर केलं आणि विशाखापट्टणमची गोदी त्यांची हे आज कळलं. खरंच धन्यवाद.

मला एक विचारायचंय. आमच्या वर्गातले बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये जातात. मला मशीन शॉपमध्ये जायचंय, घरचे नको म्हणतात. निराकाठ, तुमचे बाबा अजून आहेत का? त्या निळ्या रंगाबद्दल अजून विचारायचं होतं. आम्ही ते फक्त पुस्तकात वाचलंय.

निराकाठ

@सांगलीचा पोरगा, बाबा आहेत. ऐंशी ओलांडली, कान मशीन शॉपने नेले, पण बोटं अजून नीट चालतात. कधीही ये, पत्ता खासगी निरोपाने पाठवतो. निळा रंग किती पातळ लावायचा हे ते तुला ताटाच्या काठावर दाखवतील. जाड लावला तर सगळीकडे उमटतो आणि काहीच कळत नाही, हा त्यांचा पहिला धडा.

@ओतशाळा, तुमची पोस्ट मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ठोक्याच्या आवाजाचं ऐकून म्हणाले, "बरोबर सांगतोय."

@हेब्बाळकर, घाटग्यांचं नाव मला माहीत नव्हतं, यासाठी विशेष आभार.

एक सांगायचं राहिलं. आमच्या वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटरची आवरणं तयार व्हायला लागली, पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचीही. निवृत्तीआधी बाबांचा हात त्या कामाला लागला. आता श्रीहरिकोट्याहून उड्डाण असलं की ते टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसतात. ऐकू येत नाही म्हणून पडद्यावरचे आकडे बघतात. दोन मिनिटांच्या आत पहिला टप्पा सुटून समुद्रात पडतो. उपग्रह अजून वर जायचा असतो, सगळे श्वास रोखून बसलेले असतात, पण बाबा तेवढ्यात उठतात. आईला खुणेने सांगतात, आपलं झालं, चहा टाक.